हळदीला आलेली नदी

"पण मावशी, तुमचा आवाज आधीपासूनच असा नव्हता कशावरून?"

विचारणाऱ्या पोरीच्या मनात पाप नव्हतं. जिज्ञासा तिचं नाव, सगळे मॅडम म्हणायचे. केसांत मोठा चाप, टेबलावर विकतच्या पाण्याची बाटली, आणि समोरच्या कागदावर एक रिकामी जागा, जी भरल्याशिवाय तिला पुढचा माणूस बोलावता येत नव्हता. मोतीबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यातून नेहमीप्रमाणे आधी वारा आला, मग तवा खरवडल्यासारखं काहीतरी, आणि मग उशिरा, पाहुण्यांच्या मागून जोडे शोधत येणाऱ्या म्हाताऱ्यासारखे शब्द आले. "कशावरून म्हंजे," ती म्हणाली, "गावाला इचारा." मॅडमने मान हलवली. गावाला विचारायची सोय त्या कागदावर नव्हती. बराकीच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. उल्हासनगरच्या या बराकीत आधी गोरे सोल्जर राहिले, मग सिंधवरून आलेली माणसं राहिली, मग कुठल्याशा खात्याची कपाटं राहिली. आता वायुबाधितांचे दावे राहायला आले होते, आणि एकंदर लक्षण बघता तेही नातवंडं-पतवंडं झाल्याशिवाय जागा सोडणार नव्हते. मोतीबाई बाकावरून उठली तेव्हा तिला आपल्या गळ्यात कोणीतरी हात घालून चाचपतंय असं वाटलं. दुखत नव्हतं. नुसतं चाचपत होतं, दिवा गेल्यावर कोनाड्यात काडेपेटी चाचपतात तसं.

राजरत्नने तिला सगळे प्रश्न पढवले होते. राजरत्न अंबरनाथचा, नोकरी सांभाळून बाधितांचे दावे लावायचा, आणि कोर्टाने हे ऑफिस उघडायला लावलं त्यात त्याच्या चपलांचा मोठा वाटा होता. तुम्ही त्या दुपारी कुठे होतात, सोबत कोण होतं, वास कसा आला, दवाखान्यात कधी गेलात, हे सगळं तिला पाठ होतं, आणि पाठ करणं हा तर तिचा धंदाच. पण हा प्रश्न त्यात नव्हता. बाहेरच्या पायरीवर द्रौपदी पान लावत बसली होती. "काय इचारलान?" "माझा आवाज व्हता का, त्ये इचारलान." द्रौपदी पानावर चुना फिरवायची थांबली. "व्हता का म्हंजे? कोनाच्या बापाला इचारतंय ती?" मग तिलाच खोकला आला, आणि खोकता खोकता ती हसायलाही लागली, आणि दोन्ही एका वेळी झेपेना म्हणून पायरीवर आडवी व्हायची वेळ आली.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की मोतीबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो की नसतो हे पाहुण्यांना रात्रीच्या जेवणापर्यंत आठवत नाही, पण धवलारीण नसली तर हळद जात्यातून खाली उतरत नाही. मांडवाची पहिली मेढ रोवल्यापासून ती बसते आणि धवले म्हणते. देवांना बोलावते, मेलेल्यांना बोलावते, डोंगर, शेतं, वेशीवरचे दगड, सगळ्यांना नाव घेऊन घेऊन आवतण देते. ती एक ओळ टाकते, मागच्या बाया ती ओढतात. द्रौपदी तिच्या मागची पहिली ओढणारी. चुलतचुलत बहीण लागायची, आणि आवाज फुटक्या घागरीचा, पण ओळ कधी खाली पडू द्यायची नाही. या दोघी बदलापूर गावातून निघाल्या की ज्या घरी जात तिथे लग्न लागे. मोतीबाईच्या आवाजाविषयी राजरत्नने गावातून जबान्या जमवल्या, तेव्हा त्या जबान्यांची तऱ्हा अशी झाली: बबन म्हणाला, मोतीबाय गावात गायला लागली की बारवीचं धरण वरपर्यंत भरायचं, पाणी कान द्यायला भिंतीशी यायचं म्हणून. कमळाकर पाटलाने लिहून दिलं की शिरगावात तेव्हा इमारती नव्हत्या, त्यामुळे आवाज अडायला काही नसे, आणि कर्जतला पळून गेलेला एक नवरदेव तो ऐकून भर दुपारी शेतातून चालत परत आला, आल्या आल्या पाटावर बसला. एकीने सांगितलं की त्या आवाजाने तिची आटलेली म्हैस पान्हावली. सगळ्यांनी खाली सह्या-अंगठे केले, शपथेवर. राजरत्नने ती चळत वाचली, चष्मा काढला आणि पुसला. "मावशी," तो म्हणाला, "तुमचे वैरी साक्षीला आले असते तर बरं झालं असतं. यांचं तुमच्यावर प्रेम आहे."

मॅडमने त्या जबान्या वाचल्या असणार. म्हणूनच तो प्रश्न. मोतीबाई बदलापूरला घरी आली, नळाखाली पाय धुतले, ओटीवर बसली आणि प्रश्न तिच्याशेजारी बसला. गाणाऱ्याला आपला आवाज आतून ऐकू येतो, घरात राहणाऱ्याला घराचं छप्पर आतून दिसतं तसा. वासे दिसतात, कोळिष्टकं दिसतात, कुठे गळतं ते कळतं. पण कौलं लाल आहेत की काळी पडलीत, हे समोरच्यालाच विचारावं लागतं. तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरज काय, लोक बोलावत होते. आता आठवायला गेलं की ओळी आठवत, शब्द आठवत, कुठल्या लग्नात कुठल्या मामीने नारळ लपवला ते आठवे, पण आवाज आठवेना. शब्दांच्या खाली नुसती जागा होती, भांडं उचलल्यावर फडताळावर राहणाऱ्या गोल डागासारखी. आणि बबनचं धरण आणि पाटलाचा नवरदेव त्या जागेत मावत नव्हते. तिला एकदम वाटून गेलं की हे सगळे आपल्याला फसवत आलेत. आवाज साधाच असेल, चारचौघींसारखा, आणि धवलारीण म्हातारी झाली म्हणून आता सगळे त्याला शेंदूर फासतायत. हा विचार तिने उठून दाराबाहेर टाकला. तो परत आला. शेजारच्या इमारतीत कुणाची तरी मिक्सरवर चटणी चालली होती, आणि ती संपेपर्यंत तो नीट मांडी घालून बसला.

त्या दुपारचं असं झालं होतं. तेजस्वीची हळद होती. मोतीबाईच्या मामेभावाची नात, घर अंबरनाथजवळ, वालधुनीच्या काठी. वालधुनीला नदी म्हणणारे तेव्हा दोनच जण उरले होते, एक सरकारी नकाशा आणि दुसरी धवलारीण. बाकी सगळे नाला म्हणत, आणि त्यांचंही चुकत नव्हतं; ती सोमवारी निळी, मंगळवारी तांबडी वाहायची, आणि तिच्यात म्हैस घातली तर कुठल्या रंगाची निघेल यावर पोरं पैजा लावायची. पण धवल्यात ती अजून बाई होती, पायात पैंजण घालून येणारी. दुपारची उन्हं, मांडवात बायांची गर्दी, सगळ्यांच्या तोंडाला हळद. मोतीबाईने गावदेवी बोलावली, पितर बोलावले, वेशी बोलावल्या, आणि मग पाण्यांना बोलावायला सुरुवात केली. ये गो वालधुनी बाई, हलदीला ये. पायान पैंजन, वटीन फुला, हलदीला ये. आणि ती आली. वरच्या अंगाला कोणीतरी रात्री कारखान्याच्या सांडपाण्याचा टँकर रिकामा केला होता म्हणतात, दुपारी दुसऱ्या कोणी दुसरा केला, त्या दोघांचं पाण्यात जमलं आणि गॅस उठला. कोणी, ते अजून कोर्टालाही सापडलेलं नाही. आधी मुळ्याच्या भाजीचा डबा तीन दिवसांनी उघडावा तसा वास आला आणि सगळ्यांनी आचाऱ्याकडे बघितलं. मग डोळे चुरचुरायला लागले, घसे पेटले, आणि मांडवभर एकच ओरड झाली की हळदीत भेसळ आहे. हळद तोंडाला, आग तोंडाला. दुसरा कसला संशय येणार? कोणीतरी व्हिडिओवाल्या हरेशची कॉलर धरली, का तर तो उल्हासनगरच्या कॅम्पातला, हळदही कॅम्पातल्या बाजारातली. आणि तोंडं धुवायला मांडव रिकामा करून सगळे धावले ते मागल्या दाराने, काठावरच्या हातपंपाकडे. ज्याच्यापासून पळायचं त्याच्याकडेच. हळदीची तोंडं घेऊन, एकमेकींना ढकलत, पंपावर वाकून, खोल श्वास घेत.

मोतीबाई उठली नाही. बोलावणं अर्धं टाकून उठायची रीत नाही. एकाला हाक मारली, दुसऱ्याला नाही, असं झालं तर लग्नघरात पंक्तिप्रपंच होतो, मग पंगत देवांची का असेना. ती गात राहिली. मागे ओळ ओढायला कोणी नव्हतं, म्हणून तीच टाकायची, तीच ओढायची. पुढच्या पाण्याचं नाव तोंडावर आलं आणि आवाज गेला. तुटला नाही, फाटला नाही. चालता चालता पायातली वहाण चिखलात राहावी तसा मागे राहिला. लग्न नंतर हॉलमध्ये लागलं, माईकवाल्या भटजीने लावलं. त्या हळदीला गेलेल्या बदलापूरच्या बाया पुढे वर्षानुवर्षं खोकत राहिल्या, जिने चढताना कठड्याला धरून उभ्या राहत राहिल्या, दोघी गेल्या. आणि गावातल्या थट्टेखोरांनी म्हणायला सुरुवात केली की मोतीबायने बोलावली नि आली, आता कोणाला दोष देता? थट्टाच ती. पण थट्टा कुसळासारखी लागते, दिसत नाही आणि निघत नाही. धवल्याची रीत अशी की ज्यांना बोलावलं त्यांना कार्य झाल्यावर नाव घेऊन बोळवायचंही असतं. ओटी भरून, जेवलीस-खाल्लीस म्हणून, वाट दाखवून. ती बोळवण राहिली होती. मोतीबाई देवभोळी नव्हती, तिने इतक्या देवांना आवतणं दिली होती की त्यांचं काही विशेष वाटेनासं झालं होतं. पण कधी भात वाढताना, कधी बसच्या खिडकीशी, तिच्या मनात येई की ती पाहुणी अजून गेलेली नाही. आपल्याच गळ्यात पाय पसरून बसलीय.

कोर्टाचा हुकूम आला तेव्हा काठावरच्या लोकांचं काम सोपं झालं. त्यांच्या आधार कार्डावरच वालधुनी होती. पंचाईत झाली हळदीच्या पाहुण्यांची. त्यांचे पत्ते बदलापूर गावातले, काही शिरगावचे. गॅस बदलापुरात आला नव्हता. तुम्ही त्या दुपारी तिथे होतात कशावरून, असं विचारलं की बाया म्हणत, हळदीला गेलो होतो. आणि हळदीला गेल्याचा दाखला कुठलंच खातं देत नाही. तेजस्वीच्या घरी लग्नाची डीव्हीडी होती. राजरत्नने ती लावली. गुलाबाच्या फुलातून तेजस्वीचा चेहरा बाहेर आला, दोन कबुतरं उडाली, हृदयं वर गेली, आणि सिनेमातलं गाणं सुरू झालं. सकाळची मेढ होती, जातं होतं, आणि जात्याशी बसून मोतीबाई तोंड उघडत होती, मिटत होती, आणि तिच्या तोंडातून एका कोवळ्या मुंबईकर पुरुषाचा आवाज येऊन परदेशातल्या बर्फाविषयी काही सांगत होता. दुपारचं काहीच नव्हतं. "दुपारी सगळे खोकत होते," तेजस्वी म्हणाली, "एडिट केलं असेल. कोण बघणार खोकताना?"

म्हणून ते हरेशच्या दुकानात गेले. हरेश आता व्हिडिओ काढत नव्हता, मोबाईलची कव्हरं विकत होता. केस पिकले होते, आणि बोलताना मधेच थांबून छातीला हात लावायची लकब होती, जी मोतीबाईला ओळखीची वाटली. "अम्मा, बैठो. चाय बोलू का? मी मराठीत बोलतो, टेन्शन नाय." आवाजाचं विचारलं तेव्हा तो ओशाळला. "अम्मा, तेव्हा रिवाजच तसा होता. ओरिजिनल आवाज कोण ठेवतो? भांडी वाजतात, पोरं रडतात, कोणी शिव्या देतो. गाना टाकला की शादी साफ दिसते." "मग माझा आवाज कुठं टाकलास?" "टाकला नाय. काढला." मग हरेश स्टूलवर चढला आणि माळ्यावरून एक कॅमेरा काढला, मेलेला, एका अंगाला चेपलेला. कॉलर धरली होती तेव्हा तो हातातून पडला होता. कॅसेट आत अडकली ती अडकली; दुरुस्त करायचं मनातही आलं नाही, कारण त्यानंतर महिनाभर तो दवाखान्यात होता. "मी क्लेम टाकला नाय," तो सहज म्हणाला. "धंदेवाला आदमी. लोक बोलले असते, बिमार माणसाकडून शूटिंग कशाला करायचं. आता कव्हरला काय, बिमार माणूस पण विकतो." गोल मैदानाजवळच्या एका कारागिराने तो कॅमेरा उघडला, कॅसेट निघाली, आणि आठवड्याभराने हरेशचा फोन आला. "अम्मा, चालतेय."

दुकानाच्या मागच्या खोलीत चौघं बसली. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ होती, ती बघून राजरत्न पुढे सरकला. कॅमेरा मांडवातून फिरला आणि एकेक हळदीचा चेहरा समोर आला. "ही द्रौपदीमावशी. ही त्यांची जाऊ. ही गेली ती ना? ही शिरगावची." तो बोटाने दाखवत होता, इतक्या वर्षांत त्याला कधी कोणी तारखेसकट सापडलं नव्हतं. मग चित्र कोसळलं. आडवा पडलेला मांडवाचा पडदा, नवरीचा एक पाय, उलटी झालेली कोणाची तरी सपात. खोकण्याचे, पळण्याचे आवाज, पंपाची करकर. आणि त्या सगळ्याच्या मागे कोणीतरी गात होतं. मोतीबाईने ऐकलं. घोगरा, दमलेला, कडांना चिरा गेलेला आवाज, जणू कोणी जड पाटी डोक्यावर घेऊन चढावरून येतंय आणि येता येता नावं घेतंय. तिला त्या बाईची दया आली. "कोन गो ती?" तिने विचारलं. द्रौपदी जमिनीकडे बघत होती. मग पडद्यावरची बाई 'हलदीला' म्हणायच्या आधी थांबली, हळूच श्वास आत ओढला, त्या श्वासाला एक बारीक शीळ होती, पडलेल्या सुळ्याच्या फटीतून येणारी, आणि मोतीबाईची जीभ आपसूक त्या फटीत गेली. फट अजून होती.

यातली पंचाईत सगळ्यांत आधी राजरत्नला कळली, त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मावशी, गॅस येऊन इथे जेमतेम मिनिट झालंय. हा आधीचाच आवाज." "हा." "बसलेला आहे." द्रौपदी उसळली. "बसलेला नाय तर काय उभा असल? मेढीपासून गाते ती, हलदीपर्यंत आवाज बसाला पायजे. नाय बसला तं घरधनीन म्हंते, धवलारीन चोरटी, गला राखून गायली. माझ्या सासूनं एका धवलारनीला याच्यावरून लुगडा दिला नवता." राजरत्नने मान हलवली; त्याला पटत होतं आणि पटून उपयोग नव्हता. मॅडमच्या कागदावर 'आधीपासून' असा एक चौकोन होता आणि त्यात लुगड्याची गोष्ट लिहायला जागा नव्हती. टेप दिली तर त्या मांडवातल्या सगळ्या बाया तिथे होत्या हे ठरत होतं, औषधपाणी जन्मभर लागू होत होतं. आणि मोतीबाईचा आवाज गॅसने नेला हे मात्र त्याच टेपने खोटं पडत होतं. साऱ्या जगात तिचा एवढाच एक आवाज उरला होता, आणि तो तिच्याविरुद्ध साक्षीला उभा होता. हरेशने भीत भीत सुचवलं, "आवाज बंद करून देऊ? गाना टाकू?" "फेरफार केलेली चालत नाही," राजरत्न म्हणाला.

उपाय द्रौपदीने काढला, स्टेशनकडे चालताना, एका फालुद्याच्या गाडीशी थांबून. "गाते त्याचा तोंड कुठं दिसतंय? पडदा दिसतंय नि पाय. माझा आवाज हाय म्हून सांग. माझा जल्मापासून फुटका, मॅडमला मी आता बोलून दाखवतंय, तिला नवल वाटायचा नाय. धवलारीन दमली व्हती, म्हून मागचीनं ओळ उचलली. झाला." मोतीबाई बघत राहिली. एवढी चांगली लबाडी तिने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. कुठेच गळत नव्हती. द्रौपदीचं काही जात नव्हतं, बायांचं काही जात नव्हतं, मॅडमचा चौकोन भरत होता. "नि माझा आवाज?" "त्यो बबननं लिवून दिलाय ना. धरन भरनारा."

घरी येऊन मोतीबाई ओटीवर बसली. समोरच्या बाजूला शिरगावच्या इमारती एकीमागे एक उभ्या राहिल्या होत्या, बोलावणं नसताना आलेल्या वऱ्हाडासारख्या. नळाला बारवीचं पाणी आलं, गेलं. हल्ली ती लग्नांना जायची ती मानाची म्हणून. पुढे बसायची तरणी पोरगी, गळ्याशी छोटा माईक लावलेली, आणि मोतीबाई तिच्या मागे ओठ हलवत राहायची, डीव्हीडीतल्यासारखी. लोक अजून पाया पडत. तिने ठरवून बघितलं: मांडवात दुपारी जी गात राहिली ती द्रौपदी. मग आपण कुठे होतो? पंपावर असू. हळदीची तोंडं धुणाऱ्यांत, ढकलत, वाकत. हे चित्र अगदी सहज जमलं, तिला हळदीचं पाणी मनगटावरून ओघळताना जाणवलं, आणि ते इतकं खरं वाटलं की ती दचकली. धवल्यांत तिने आयुष्यभर हेच केलं होतं, जे नाही त्याला नाव घेऊन बोलावलं की ते येतं. मग तिने त्या घोगऱ्या बाईला आठवून बघितलं; पाटी घेऊन चढ चढणारीला, एकटीच ओळ टाकणारीला आणि एकटीच ओढणारीला. धरण भरवणारा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. हिला ऐकायला मांडवात कोणीच नव्हतं. एक पडलेला कॅमेरा होता.

सुनावणीच्या दिवशी बराकीच्या व्हरांड्यात बदलापूरच्या बाया ओळीने बसल्या होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या नटून, कारण कुठेही एकत्र जायचं तर त्यांना दुसरी रीत ठाऊक नव्हती. हरेशही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. राजरत्नने त्याचाही दावा लावला होता. मॅडमने टेप बघितली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, एकेक चेहरा थांबवून बाहेरच्या बाईशी ताडून बघितला, एकेकीच्या नावासमोर 'हजर' आलं. मग चित्र कोसळलं आणि गाणं सुरू झालं. मॅडमने पेन खाली ठेवलं. बोलावणं वालधुनीच्या ओळी संपवून पुढच्या पाण्याशी आलं, थांबलं, पुढे नुसती पंपाची करकर राहिली.

"हा आवाज कोणाचा?"

द्रौपदीने मोतीबाईच्या मांडीला चिमटा काढला. असा, की लुगड्याच्या दोन घड्यांतून निळं पडावं. राजरत्न भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याने तिला काही सांगितलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं.

"माझा," मोतीबाई म्हणाली. वारा आला, खरवड आली, आणि शब्द आला.

मॅडमने तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "मावशी, नीट आठवून सांगा. तोंड दिसत नाहीये. दुसऱ्या कोणाचा असेल तर तसं लिहिता येतं. तुमचा म्हणालात तर मला ऐकू आलं तेच लिहावं लागेल."

"मंग लिवा. बाकीच्या पंपावर गेलत्या. गायला मीच व्हते." आणि थोडं थांबून, "हलद म्हून बसलेला हाय त्यो. आनि लिवायला जागा असल तं लिवा, कोनाची ओढ नसताना गायलाय."

मॅडमने पेन उचललं. चौकोनात खूण केली. मग समासात, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, बराच वेळ. काय ते मोतीबाईने विचारलं नाही, आणि पुढे राजरत्न सांगायचा त्याप्रमाणे वरच्या ऑफिसात समास कोणी वाचत नाही.

व्हरांड्यात आल्यावर द्रौपदी फणफणत होती. "येडी हायस. चांगला शिजवून ताटान वाढलेला व्हता." मोतीबाई बाकावर टेकली. गळ्यातलं चाचपणं थांबलं होतं. हाताला काडेपेटी लागली होती की कोनाडा रिकामा आहे हे कळलं होतं, ते तिने तपासलं नाही. बराकींच्या मागे, भंगाराच्या गल्लीपलीकडे, वालधुनी होती, आणि वारा फिरला तसा तिचा वास व्हरांड्यात आला, जुन्या ओळखीच्या बाईसारखा, न विचारता. रांगेतल्यांनी नाकाला पदर लावले. मोतीबाईने लावला नाही. तिचे ओठ हलायला लागले. आवाज म्हणावा असं काही बाहेर येत नव्हतं. जा गो वालधुनी बाई, आपले घरा जा, जेवलीस, खाल्लीस, वटी भरली, आपले घरा जा. द्रौपदीने आधी लक्ष दिलं नाही, तिचा राग अजून उतरायचा होता. पण ओळ संपली, ओठ थांबले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्या फुटक्या घागरीतून मागची ओळ आपोआप निघाली. मग तिच्या जावेची. मग बाकावरच्या सगळ्यांची, खोकत, थांबत, दम घेत.

पुढच्या रांगेत एक सिंधी म्हातारी आपल्या कागदांची पिशवी छातीशी धरून बसली होती. ती वळली. "शादी किसकी है?"

"शादी तो कवाच हो गयी," द्रौपदी म्हणाली, ओळ खाली न पडू देता. "पाव्हनी जाती है अब."